ख्याल-गोंधळ ऐकून घडलेल्या कानाला जॅझचा पहिला अल्बम कोणता द्यावा?

गोदाकाठ (नांदेड)

मराठवाड्यात जॅझ ऐकणारे आपण थोडे आहोत आणि एकमेकांपासून लांब राहतो, म्हणून हा धागा मुद्दाम उघडत आहे. ज्याचा कान टाळ-मृदंग, संबळ आणि अंबडच्या दत्त जयंती महोत्सवातल्या ख्यालांवर घडला आहे, पण ज्याने जॅझ कधी ऐकलेले नाही, अशा माणसाला आपण पहिला अल्बम कोणता द्याल? नुसती नावे लिहू नयेत, त्या अल्बममध्ये नेमके काय ऐकायचे तेही सांगावे, एवढी विनंती आहे.

माझे उत्तर माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हे आहे. 1959 साली 2 मार्च आणि 22 एप्रिल या दोन दिवसांत न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला. माइल्स ट्रम्पेटवर, जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडरली सॅक्सोफोनवर, बिल इव्हान्स पियानोवर, पॉल चेंबर्स डबल बासवर आणि जिमी कॉब ड्रम्सवर आहेत. 'फ्रेडी फ्रीलोडर' या एका रचनेपुरता पियानो विंटन केली यांनी वाजवला आहे. वादकांच्या हाती पूर्ण लिहिलेले संगीत नव्हते, केवळ आराखडे होते. त्या काळच्या जॅझमध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) इतक्या झपाट्याने बदलत असत की वादकाची निम्मी शक्ती त्यांच्या मागे धावण्यातच जाई. माइल्सने कॉर्डची ही गर्दी हटवली आणि वादकाला एका स्वरसप्तकात बराच वेळ राहू दिले. 'सो व्हॉट' या पहिल्याच रचनेचे आवर्तन 32 बारांचे आहे (एक बार म्हणजे येथे चार मात्रा). त्यातले पहिले सोळा बार एका सप्तकात, पुढचे आठ त्याच सप्तकाला अर्ध्या स्वराने वर सरकवून, आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी असतात. ते सप्तक आपल्या काफी थाटाचे आहे. गंधार आणि निषाद कोमल, बाकीचे शुद्ध. ख्याल ऐकणाऱ्याला येथे परकेपणा वाटण्याचे कारण उरत नाही.

आणखी एक गोष्ट. या रचनेची मुख्य धून सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट वाजवत नाही, ती बास वाजवतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे दोन स्वरांचे उत्तर देतात. परभणीच्या राजारामबापू कदमांचा गोंधळ ज्यांनी ऐकला आहे त्यांना मुख्य गोंधळी आणि झिलकरी यांच्यातली ही देवाणघेवाण ऐकताक्षणीच ओळखीची वाटेल.

पूर्णा (परभणी)

गोदाकाठ यांच्या निवडीबद्दल आदर आहे, पण काफी थाटाच्या मुद्द्याला माझा विरोध आहे आणि तो सविस्तर नोंदवतो. थाट म्हणजे स्वरांची केवळ यादी असते. काफी रागाला चलन आहे, वादी-संवादी आहेत, कोणत्या स्वरावर थांबायचे याची मर्यादा आहे. 'सो व्हॉट'मध्ये यातले काहीही पाळलेले नाही, आणि पाळावे अशी अपेक्षाही नाही. नवा श्रोता त्यात राग शोधू लागला तर दोन मिनिटांत निराश होईल आणि माइल्सला बेशिस्त ठरवेल.

त्याहून मोठी अडचण अशी की आपल्या संगीतात षड्ज अढळ असतो. तानपुरा एकदा लागला की मैफल संपेपर्यंत जमीन हलत नाही. जॅझच्या फार मोठ्या भागात ही जमीनच सरकत असते आणि वादकाचे सगळे कौशल्य त्या सरकत्या जमिनीवर तोल सांभाळण्यात असते. त्याच 1959 सालच्या मे महिन्यात कोल्ट्रेनने 'जायंट स्टेप्स' ध्वनिमुद्रित केले. तेथे आधारस्वर एकमेकांपासून षड्ज-गंधाराइतक्या अंतरावरच्या तीन जागांमध्ये फिरतो, तोही अतिशय जलद लयीत. टॉमी फ्लानागनसारख्या मुरलेल्या पियानोवादकाचा सोलो त्या मुद्रणात मध्येच तुटक होऊन नुसत्या कॉर्डवर येतो, हे स्पष्ट ऐकू येते. 'काइंड ऑफ ब्लू'चे मोल या पार्श्वभूमीवर कळते. ते आधी ऐकवले तर श्रोत्याला जॅझचा अपवाद आधी आणि नियम नंतर भेटतो.

म्हणून मी सुरुवात ब्लूजपासून करीन. बारा बारांचे आवर्तन, मुळात तीनच कॉर्ड, आणि गायले तर पहिली ओळ दोनदा, मग तिला जोड देणारी तिसरी. हे आवर्तन अंगात भिनले की निम्मे जॅझ समजू लागते. त्यासाठी ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचे 1956 च्या न्यूपोर्ट महोत्सवातले ध्वनिमुद्रण ऐकवावे. 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू' या रचनेच्या मधोमध पॉल गोन्साल्विस या टेनर सॅक्सोफोनवादकाने ब्लूजची सलग 27 आवर्तने वाजवली. (आडनावावरून अनेकांना ते गोव्याचे वाटतात, त्यांचे घराणे केप व्हर्दे बेटांवरचे.) सोलो जसजसा चढतो तसतसा श्रोत्यांचा आरडाओरडा वाढत जातो. त्या रात्रीनंतर एलिंग्टनच्या वाद्यवृंदाला, ज्याचे दिवस सरले असे अनेकांनी धरले होते, नवे आयुष्य मिळाले.

मांजरा (लातूर)

दोघांनीही वाद्येच सुचवली. आपल्याकडे कान घडतो तो गळ्यावर, त्यामुळे मी आवाजापासून सुरुवात करावी असे सुचवते.

बिली हॉलिडे ऐकताना मला ठुमरी आठवते. त्यांच्या आवाजाचा पल्ला मोठा नव्हता, ताना-पलटे तर नव्हतेच. पण शब्द तालाच्या किंचित मागे ठेवायचा, त्याला रेंगाळू द्यायचे आणि नेमक्या जागी आणून टेकवायचे, ही त्यांची जादू आहे. 1930 च्या दशकात लेस्टर यंग यांच्या सॅक्सोफोनसोबत त्यांनी जी गाणी ध्वनिमुद्रित केली त्यांत गळा आणि वाद्य एकमेकांचे वाक्य पूर्ण करतात. त्यानंतर 1958 चा 'लेडी इन सॅटिन' ऐकावा. आवाज खरखरीत झाला आहे, श्वास पुरत नाही, आणि तरीही एकेका शब्दाला असे वजन आले आहे की काही गाणी मला एका बैठकीत पूर्ण ऐकवत नाहीत.

एला फिट्झजेराल्ड यांची तऱ्हा अगदी वेगळी. फेब्रुवारी 1960 मध्ये बर्लिनच्या मैफलीत 'मॅक द नाइफ' गाताना त्या पुढचे शब्द विसरल्या. थांबल्या नाहीत, शब्द विसरल्याचेच शब्द करून, सुरात आणि तालात, लुई आर्मस्ट्राँग यांच्या आवाजाची नक्कलही मध्ये घालून त्यांनी गाणे पूर्ण केले. 'एला इन बर्लिन' या अल्बमवर ते जसेच्या तसे आहे. उत्स्फूर्तपणा म्हणजे काय हे सांगायला मला यापेक्षा चांगला पुरावा ठाऊक नाही.

आर्मस्ट्राँग यांचा उल्लेख आलाच आहे तर 1928 चे 'वेस्ट एंड ब्लूज' विसरू नये. सुरुवातीचे काही सेकंद साथीला कोणीही नाही, नुसता ट्रम्पेट आहे. सव्वातीन मिनिटांच्या त्या तबकडीत पुढे अर्ल हाइन्स यांचा पियानोही आहे. जुन्या मुद्रणाची खरखर सोसावी लागते, ती सोसावी.

कयाधू (हिंगोली)

मी तबला शिकतो. जॅझ ऐकण्याचा प्रयत्न केला, पण सम कोठे येते तेच समजत नाही. ड्रम्स वाजवणारे सतत काहीतरी वेगळे वाजवत असतात, ठेका असा लागतच नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दुधना (जालना)

कयाधू, प्रश्न फार चांगला विचारलात. तबलजीचा कान असेल तर जॅझमध्ये शिरायला तालाचे दार सर्वांत जवळचे आहे.

आधी ठेका. जॅझच्या ड्रमरकडे उजव्या हाताशी मोठी झांज असते, तिला राइड सिंबल म्हणतात. ठेका तेथे आहे, आणि तो मात्रेचे दोन समान भाग करत नाही. पहिला भाग लांब, दुसरा आखूड, असा तो झुलतो; यालाच स्विंग म्हणतात. सोबत डबल बास बहुधा प्रत्येक मात्रेवर एक स्वर देत चालतो. सुरुवातीला बाकी सगळे विसरून फक्त बास ऐकावा. तो चारचार मात्रांनी पावले टाकतो, आणि कॉर्डची फेरी जेथे पुन्हा पहिल्या जागी येते ती आपली सम समजावी. तबल्याची सम ठोक्याने कळते, येथे ती बासच्या आणि पियानोच्या स्वरांवरून ओळखायची असते. ड्रमरचा डावा हात आणि पाय मध्ये जे बोलतात ते साथीदाराने गायकाला दिलेल्या उत्तरांसारखे आहे. त्यात ठेका शोधत बसलात तर सम चुकणारच.

आता अल्बम. डेव्ह ब्रूबेक यांच्या चौकडीचा 1959 चा 'टाइम आउट' ऐका. त्यातली 'टेक फाइव्ह' ही रचना पॉल डेझमंड यांची आहे आणि ती पाच मात्रांची, तीन-दोन अशा विभागणीची आहे. झपतालाचे दोन-तीन उलटे केले की तुम्हाला ती लगेच मोजता येईल. मध्यभागी जो मोरेलो यांचा ड्रम्सचा सोलो आहे. त्या वेळी पियानोकडे लक्ष द्या: ब्रूबेक तेच पाच मात्रांचे वाक्य न थकता, न बदलता वाजवत राहतात. स्वतंत्र तबलावादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा धरलेला असतो, अगदी तेच काम तो पियानो करतो आहे. लेहरा पक्का असल्यामुळेच मोरेलो निर्धास्तपणे गप्प राहू शकतात, आणि त्या सोलोतल्या मोकळ्या जागा ठोक्यांइतक्याच सुंदर आहेत.

ब्रूबेक 1958 साली अमेरिकी सरकारच्या दौऱ्यात भारतातही आले होते आणि येथल्या वादकांसोबत बसून त्यांनी वाजवले होते. त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर त्यांनी नऊ मात्रांचा एक ठेका ऐकला. 'टाइम आउट'ची पहिली रचना, 'ब्लू राँडो आ ला तुर्क', त्यातून निघाली.

खाम (छत्रपती संभाजीनगर)

हा धागा केवळ थाट आणि मात्रांवर संपू नये म्हणून लिहितो.

मी नागसेनवनाच्या परिसरात वाढलो. बाबासाहेबांनी उभारलेले मिलिंद महाविद्यालय, वामनदादा कर्डकांची गाणी, नामांतराच्या लढ्याच्या आठवणी सांगणारी वडीलधारी माणसे, हे सगळे आमच्या रोजच्या जगण्यात होते. गाणे म्हणजे करमणूक असा समज आमच्या वस्तीत कधीच नव्हता. 1972 साली आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. त्या नात्याचा धागा धरूनच मी जॅझपर्यंत आलो. म्हणून माझ्या दृष्टीने जॅझचे दार 'स्ट्रेंज फ्रूट' हे आहे.

झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांच्या देहांवरची ही कविता एबल मीरोपोल या शिक्षकाने लिहिली. बिली हॉलिडे ती न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटीत कार्यक्रमाच्या शेवटी गात असत. वाढप्यांचे काम थांबवले जाई, दिवे मालवले जात, फक्त चेहऱ्यावर एक झोत राही, आणि गाणे संपल्यावर पुन्हा दुसरे गायले जात नसे. त्यांची नेहमीची कंपनी कोलंबिया हे गाणे काढायला तयार झाली नाही, म्हणून 1939 मध्ये ते कमोडोर या लहान कंपनीने काढले. मांजराताईंनी शब्द मागे ठेवण्याच्या ज्या लकबीबद्दल लिहिले ती येथेही आहे, पण येथे ती शृंगाराची राहत नाही. प्रत्येक शब्द उच्चारणे जड जात आहे, असे ऐकणाऱ्याला जाणवते.

दुसरा अल्बम 1960 चा, ड्रमर मॅक्स रोच यांचा 'वी इन्सिस्ट! फ्रीडम नाऊ स्वीट'. त्याच वर्षी 1 फेब्रुवारीला ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या काउंटरवर जाऊन बसले होते. अल्बमच्या मुखपृष्ठावर तसेच एक दृश्य आहे. 'ट्रिप्टिक' या रचनेत फक्त दोघे आहेत, ड्रम्सवर रोच आणि गायिका ॲबी लिंकन. प्रार्थना, प्रतिकार, शांती असे तिचे तीन भाग आहेत आणि तिन्हींत एकही शब्द नाही. मधल्या भागात लिंकन अक्षरशः किंचाळतात. पहिल्यांदा ऐकताना त्रास होतो, आणि तो व्हायलाच हवा.

चार्ल्स मिंगस यांच्या 'मिंगस आ अम'मध्ये 'फेबल्स ऑफ फॉबस' आहे, तेही ऐकावे. लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश मिळू नये म्हणून 1957 साली सैनिक उभे करणाऱ्या गव्हर्नरवर ही रचना आहे. कोलंबियाने ती 1959 मध्ये शब्दांविना काढली. पुढच्या वर्षी मिंगस यांनी कँडिड या दुसऱ्या कंपनीकडे ती शब्दांसह ध्वनिमुद्रित केली. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकली की काय दडपले गेले होते ते कळते.

बिंदुसरा (बीड)

खाम यांच्या लेखनानंतर थोडा वेळ काहीच लिहावेसे वाटले नाही. तरी कीर्तनाच्या परंपरेतून आलेला श्रोता म्हणून एक अल्बम सांगणे मला आवश्यक वाटते: जॉन कोल्ट्रेन यांचा 'अ लव्ह सुप्रीम'. 9 डिसेंबर 1964 रोजी न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला. पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन, ड्रम्सवर एल्विन जोन्स. 1957 मध्ये व्यसनातून बाहेर पडताना आपल्याला ईश्वरी कृपेचा अनुभव आला, असे कोल्ट्रेन यांनी अल्बमसोबतच्या मजकुरात स्वतः लिहिले आहे, आणि हा अल्बम म्हणजे त्या कृपेपुढे ठेवलेली भेट आहे.

पहिल्या भागात गॅरिसनचा बास चार स्वरांचा एक तुकडा धरतो. शेवटाकडे कोल्ट्रेन तोच तुकडा बाराही स्वरांवरून फिरवून वाजवतात, जणू असे एकही ठिकाण राहू नये जेथून ते नाव घेतले गेले नाही. त्यानंतर सॅक्सोफोन खाली ठेवून ते 'अ लव्ह सुप्रीम' हे शब्द गळ्यातून, पुन्हा पुन्हा, म्हणतात. ज्याने नामस्मरण ऐकले आहे त्याला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. चौथा भाग, 'साम', तर याहून विलक्षण आहे. कोल्ट्रेन यांनी लिहिलेली प्रार्थना मुखपृष्ठाच्या आत छापलेली आहे, आणि या भागात ते ती प्रार्थना शब्दामागून शब्द सॅक्सोफोनवर वाजवतात. छापील मजकूर समोर ठेवून ऐकावे. कोणता शब्द चालू आहे तेही कळते.

कोल्ट्रेन यांनी 1961 साली 'इंडिया' नावाची रचना वाजवली होती, आणि 1965 मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव पंडित रविशंकरांवरून रवी ठेवले. पत्नी ॲलिस कोल्ट्रेन यांचा 1971 चा 'जर्नी इन सच्चिदानंद' हार्प आणि तानपुऱ्याच्या सुरांवर उभा आहे. पूर्णा यांचा अढळ षड्जाचा मुद्दा तेथे लागू होत नाही, हे नम्रपणे नोंदवतो.

पूर्णा (परभणी)

बिंदुसरा, मान्य आहे. तेथे जमीन स्थिर आहे आणि म्हणूनच तो अल्बम आपल्या कानाला इतका सहज पटतो. माझा आग्रह एवढाच की श्रोत्याने सरकत्या जमिनीवरही पाऊल टाकून पाहावे, कारण आपल्या संगीतात न मिळणारी गोष्ट त्याला तेथेच मिळणार आहे. जे आधीच घरी आहे तेच बाहेर शोधण्यासाठी इतक्या दूर कशाला जायचे?

मन्याड (कंधार)

माझी पिढी जॅझपर्यंत रेडिओवरून पोहोचली. व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम 1955 पासून लागत असे. सुरुवातीला एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची 'टेक द ए ट्रेन' ही धून, आणि मग इंग्रजी कच्चे असलेल्यालाही प्रत्येक शब्द कळावा असे त्यांचे संथ निवेदन. शॉर्टवेव्हवर आवाज येई-जाई, पण वादकांची नावे वहीत उतरवून घेण्याइतका तो पुरत असे.

येथे कोणी न मांडलेला मुद्दा असा की मराठी कानाने जॅझ फार आधी ऐकलेले आहे. गोदावरीकाठच्या पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतात चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवादकाचा मोठा वाटा होता. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारी ही गोव्याची मंडळी दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत काम करत. 1951 च्या 'अलबेला'तले ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट आज पुन्हा लक्ष देऊन ऐकावे, आर्मस्ट्राँगची सावली तेथे स्पष्ट आहे. पुढे 1978 मध्ये मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्स यांच्यासारखा वादक तेथे वाजवून गेला.

रॉलिन्स यांचा 1956 चा 'सॅक्सोफोन कोलोसस' ही माझी निवड. त्यातली 'ब्लू सेव्हन' ही रचना ऐका: एक छोटासा स्वरसमूह घेऊन, त्याची बढत करत, कोठेही घाई न करता ते अकरा मिनिटे रचना फुलवत नेतात.

मांजरा (लातूर)

'शक्ती'चे नाव अजून कोणीच घेतले नाही. जॉन मॅकलॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांचा 1976 चा पहिला अल्बम हवाच. डिसेंबर 2024 मध्ये झाकीरभाई गेल्यापासून मी तो वारंवार लावते.

गोदाकाठ (नांदेड)

मांजराताई, तो मुद्दाम मागे ठेवला होता. 'शक्ती' हे माझ्याही अतिशय जवळचे संगीत आहे, पण त्यात आपला श्रोता आपलाच भाग ऐकतो, मॅकलॉफ्लिनचा गिटार पाहुणा राहतो आणि जॅझची ओळख तशीच बाकी राहते. पूर्णा यांच्या म्हणण्यात मला जे तथ्य वाटते ते याच ठिकाणी. 'काइंड ऑफ ब्लू'वरचा आग्रह मात्र मी सोडणार नाही, कारण ब्लूजही त्यातच आहे: 'फ्रेडी फ्रीलोडर' बारा बारांचा सरळ ब्लूज आहे, आणि 'ऑल ब्लूज' तोच साचा दादऱ्यासारख्या सहाच्या चालीत नेतो.

कयाधू (हिंगोली)

दुधनाकाका, 'टेक फाइव्ह' पूर्ण मोजता आले. लेहऱ्याची गोष्ट लक्षात आल्यावर ड्रम्सचा सोलो दोनदा ऐकला. 'ब्लू राँडो'मध्ये मात्र सुरुवातीला नऊ मोजत होतो, पुढे सॅक्सोफोन सुरू झाल्यावर सगळे निसटले. याच्या पुढे काय ऐकावे?

दुधना (जालना)

शाब्बास. 'ब्लू राँडो'चे नऊ हे दोन-दोन-दोन-तीन असे आहेत. तीन फेऱ्या तसे आणि चौथी तीन-तीन-तीन. सोलो सुरू होताना मात्र ते नऊ सोडून सरळ चारच्या चालीत, ब्लूजमध्ये जातात. तुमचे निसटले तेथे ताल खरोखरच बदललेला आहे, तेव्हा तेथून चार धरा.

पुढचा अल्बम थेलोनियस मंक यांचा 'ब्रिलियंट कॉर्नर्स', 1957 चा. पियानोवर स्वतः मंक, ड्रम्सवर खाम यांनी सांगितलेले मॅक्स रोच आणि टेनर सॅक्सोफोनवर मन्याड यांचे रॉलिन्स. अल्बमच्या नावाची जी पहिली रचना आहे तिची धून आधी ठाय (संथ) लयीत येते आणि मग तीच दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगाने. सोलोंमध्येही एक आवर्तन ठायीत, पुढचे दुगुनीत, असे चालते. ती इतकी अवघड ठरली की एकही पूर्ण टेक मनासारखा मिळाला नाही, आणि निर्माते ओरिन कीपन्यूज यांना वेगवेगळ्या टेकचे तुकडे जोडून अंतिम मुद्रण तयार करावे लागले. हाताने ठायीचीच लय धरून ठेवा, दुगुन आली तरी हात बदलू नका, आणि रोच कोणत्या मात्रेवर उडी घेतात ते येथे येऊन लिहा.